चुका शोधण्याचा पगार

आमच्या वस्तीत मला अजूनही विचारतात, "ताई, तुम्ही कॉम्प्युटरवर नेमके काय करता?" मी सांगते, "दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधते." "आणि त्याचा पगार मिळतो?" मिळतो. हिंजवडीत गेली एकोणीस वर्षे मिळतो आहे.

वडिलांना मात्र हे समजावून सांगावे लागले नाही. ते खडकीला कारखान्यात तपासणी खात्यात होते. हातात गेज असायचे. त्याचे एक टोक भोकात गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. दोन्ही गेली तर माल बाद, एकही गेले नाही तरी बाद. माझे काम ऐकून ते एवढेच म्हणाले, "म्हणजे तूही गेजच धरतेस."

आमचे गेज असे असते. अर्जात वय १८ ते ६० चालेल असे ठरले असेल, तर ३५ टाकून फारसे काही कळत नाही. आम्ही १७, १८, ६० आणि ६१ टाकतो. चूक बहुधा काठावर बसलेली असते. लिहिणाऱ्याने 'पेक्षा जास्त' लिहिले की 'तितके किंवा जास्त', एवढ्या फरकाने बरोबर अठरा वर्षांचा मुलगा बाहेर राहतो. शिवाय रकाना रिकामा ठेवायचा, बटण दोनदा दाबायचे, मध्येच कनेक्शन तोडायचे. चूक दुरुस्त होऊन आली की जुने सगळे पुन्हा तपासायचे, कारण एक दुरुस्त करताना दुसरे मोडते. काम कंटाळवाणे आहे, खोटे कशाला सांगू?

पण या कामात कंटाळा केला तर काय होते, याचे एक उदाहरण मी नव्या मुलामुलींना सांगते. कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-२५ नावाचे यंत्र होते. मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, टायलर गावच्या रुग्णालयात या यंत्राने दोन रुग्णांना किरणांचा भयंकर जादा मारा दिला. दोघेही पुढे दगावले. पडद्यावर फक्त 'मालफंक्शन ५४' अशी अक्षरे आली. पहिल्या रुग्णाच्या वेळी कंपनीच्या माणसांनी यंत्र तपासले, त्यांना दोष सापडला नाही आणि असा जादा मारा होऊच शकत नाही असे सांगण्यात आले. शेवटी रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणारी बाई दोघे मिळून बसले आणि तीच बटणे पुन्हा पुन्हा दाबत राहिले. तेव्हा कळले की, चुकून टाकलेले अक्षर तिने सवयीच्या हाताने झटपट दुरुस्त केले की यंत्र गोंधळते. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष दिसणारच नव्हता. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने सहा जणांना असा मारा दिला.

म्हणून "माझ्याकडे तर चालते" असे प्रोग्रॅमर म्हणाला की मी विचारते, कोणाच्या हातात चालते?

मी स्वतः एकदा चुकले आहे. नोकरीचे तिसरे वर्ष होते. कंत्राटी सुरक्षा रक्षकांच्या पगाराचा प्रोग्रॅम होता. महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्रपाळी सुरू झाली आणि बारानंतर नवा महिना लागला, तर त्या रात्रीचा भत्ता गळत होता. मला ते सापडले होते. साहेब म्हणाले, "किरकोळ म्हणून नोंदव, पुढच्या खेपेला बघू." मी तशी नोंद केली. त्या रक्षकांचे पैसे दोन महिन्यांनी मिळाले. रक्कम फार नव्हती, पण माझी आई कंत्राटावर झाडलोट करायची. एका दिवसाचा खाडा कापला की आमच्या घरात काय व्हायचे, हे मला ठाऊक असायला हवे होते.

त्यानंतर काही वर्षांनी पेन्शनच्या अर्जांचे काम आले. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की दुसरा अर्ज आपोआप बाद, असा नियम होता. मी विचारले, "आणि १ जूनचे काय?" कोणाला काही कळेना. वाचकांपैकी अनेकांच्या घरी मात्र ते लगेच कळेल. तारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहीत. माझे वडील १ जूनचे, आत्याही १ जूनची. एका गावात त्याच नावाची, आडनावाची आणि त्याच तारखेची दोन माणसे सहज निघतील. मी वडिलांचे नाव वेगळे ठेवून दोन अर्ज भरले. दुसरा बाद झाला आणि का बाद झाला ते सांगणारी साधी ओळही आली नाही.

"असे क्वचितच होईल," प्रोग्रॅमर म्हणाला. मुलगा चांगला होता, पण त्याच्या घरी सगळ्यांच्या खऱ्या जन्मतारखा होत्या. या वेळी मी सही केली नाही. काम चार दिवस लांबले. आता असे अर्ज बाद न होता माणसाकडे तपासायला जातात. त्या वर्षी माझ्या मूल्यमापनात 'सहकार्याची वृत्ती कमी' असा शेरा आला आणि पगारवाढ अर्धी झाली.

मुलांना या कामात घालू का, असे पालक विचारतात. जरूर घाला. इंजिनिअरच हवे असे नाही, बी.सी.ए., बी.एस्सी. झालेलीही येतात. पण नुसत्या हाताने तपासणाऱ्यांना आता मागणी कमी. जावा किंवा पायथन यांपैकी एक भाषा आणि डेटाबेस आले पाहिजे. आणि 'नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी तिथून गेल्या वर्षी नोकरीला लागलेल्या दोन मुलांना स्वतः भेटून या.