मीठ हाडापर्यंत पोहोचले का?

कोकणात पावसाळ्यापूर्वी खारे मासे भरून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. स्पेन आणि इटलीत हीच युक्ती डुकराच्या अख्ख्या मागच्या तंगडीसाठी वापरतात. मीठ लावून वाळवलेली ही तंगडी स्पेनमध्ये ‘हामोन’ आणि इटलीत ‘प्रोशुत्तो’ या नावाने ओळखली जाते. आपल्याला परिचित असलेला शब्द ‘हॅम’. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ टांगून ठेवलेले हे मांस न शिजवताच, पातळ काप करून खातात. हे सुरक्षित कसे?

मीठ जंतूंना मारते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. प्रत्यक्षात अनेक जंतू मिठात जिवंत राहतात. त्यांची वाढ तेवढी थांबते. वाढीसाठी त्यांना पाणी हवे असते. मांसातील काही पाणी वाळवताना निघून जाते आणि उरलेले मिठामुळे जंतूंना सहज वापरता येत नाही. पाण्याच्या या उपलब्धतेला ‘जल-क्रियाशीलता’ म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी ती १ असते, ताज्या मांसात सुमारे ०.९९. ती ०.९१ च्या खाली गेली की अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू मात्र सुमारे ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ मध्ये या जीवाणूचा जल-क्रियाशीलतेच्या दृष्टीने केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो.

पण मासा पातळ असतो आणि तंगडी चांगलीच जाड. मीठ बाहेरून आत हळूहळू झिरपते. हाडापर्यंत पोहोचायला त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर आतला भाग ओला, अळणी आणि हवेविना असतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूला हवी असते ती नेमकी अशीच जागा. त्याचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारे संदेश थांबवते. श्वसनाचे स्नायू लुळे पडले तर मृत्यू ओढवतो.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्यविधीसाठी जमलेल्या वादकांनी खारवलेले कच्चे हॅम खाल्ले. त्यांपैकी अनेक जण आजारी पडले आणि तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेन्जेम यांनी त्या हॅममधून हा जीवाणू वेगळा काढला. १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की विष जीवाणूमुळे अन्नातच तयार होते, उष्णतेने ते नष्ट होते आणि अन्नात पुरेसे मीठ असेल तर ते तयारच होत नाही.

मग मीठ आत पोहोचेपर्यंत काय करायचे? थंडीचा आधार घ्यायचा. आज खारवण्याच्या खोल्यांचे तापमान साधारण १ ते ४ अंश सेल्सियस ठेवतात. मीठ आतवर पसरल्यानंतरच तंगडी हळूहळू उबदार हवेत आणतात. पूर्वी हे काम हिवाळा करीत असे. स्पेनमध्ये डुकरे मारण्याचा हंगाम ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास सुरू होई, त्यामागे हेही कारण आहे. इटलीतील पार्मा येथे तयार तंगडीत घोड्याच्या हाडाची सुई ठरावीक जागी खुपसून तिचा वास घेतात. आत कुठे नासले असेल तर ते वासावरून कळते. मात्र बोट्युलिनमच्या काही जाती वास न सोडताही विष तयार करतात. म्हणून आपल्या उष्ण हवेत घरी तंगडी खारवण्याचा प्रयोग करू नये.

साठवणीचे नियमही यातूनच निघतात. अख्खी वाळलेली तंगडी थंड, कोरड्या, हवेशीर जागी टांगावी. तिच्या पृष्ठभागावर आलेली थोडी बुरशी पुसून किंवा खरवडून काढतात. कापल्यावर दिसणारे पांढरे कण बहुधा टायरोसीन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, ते निरुपद्रवी. कापलेला भाग तिच्याच चरबीच्या कापाने किंवा स्वच्छ फडक्याने झाकावा. पातळ कापांना मात्र सुरीचा आणि हातांचा स्पर्श झालेला असतो. ते फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावेत आणि बुरशी आल्यास टाकून द्यावेत.

सगळ्यात मोठा घोटाळा नावाचा होतो. ‘हॅम’ म्हणून मिळणारे मऊ, गुलाबी, शिजवलेले मांस ओलसर असते. त्याला वाळवणीचे संरक्षण नाही. ते कायम फ्रीजमध्ये ठेवावे आणि पाकीट उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवावे. फ्रीजच्या थंडीतही लिस्टेरिया हा जीवाणू वाढू शकतो. म्हणून गर्भवती स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी दोन्ही प्रकारचे हॅम वाफ येईपर्यंत नीट गरम करूनच खावे.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. सोललेला मोठा बटाटा मिठात पुरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मधोमध कापा. कडा लिबलिबीत झालेल्या दिसतील, मधला भाग मात्र कडकच असेल. तो कोरडा दिसणारा बटाटा आतून अजून ताजाच आहे, हे विद्यार्थ्यांना बोटाने दाबून पाहू द्या. मीठ किती घातले याइतकेच ते कुठवर पोहोचले हेही महत्त्वाचे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.