वर्गणी कुणाला परवडते?

(पाटोदा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय ऐकून मागच्या बाकावरची दोघं-तिघं हसली, ते मी पाहिलं. तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर आणि बोलणार किराण्यावर! पण अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात घरप्रपंच चालवणं आणि पैसा वाढवत नेणं या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. म्हणजे तेल-मीठ हा आमच्या धंद्यातला जुना विषय आहे.

प्रश्न असा : एखाद्या दुकानात शिरण्यासाठीच वर्षाची वर्गणी भरायची, आणि मग माल स्वस्तात घ्यायचा. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा?

या पद्धतीचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं कॉस्टको. माझी पुतणी न्यू जर्सीत राहते, तिच्याकडे ते कार्ड आहे. साधं कार्ड वर्षाला ६५ डॉलर, वरच्या दर्जाचं १३०. दुकान कसलं, गोदामच ते. साध्या सुपरमार्केटमध्ये तीसेक हजार प्रकारचा माल असतो, इथे चारेक हजार. पण प्रत्येक वस्तू मोठ्या मापात, आणि खरेदीच्या किमतीवर साधारण १४-१५ टक्क्यांहून जास्त चढवायचं नाही असा त्यांचा नियम. मग पोट कशावर भरतं? तर वर्गणीवर. कंपनीच्या नफ्याचा जवळजवळ अर्धा भाग या कार्डांच्या पैशातून येतो. म्हणजे ते साखर विकतात हे खरं, पण त्याहून जास्त ते आत येण्याची परवानगी विकतात.

आता हिशोब करू. ६५ डॉलर भरले आणि मालावर शेकडा दहा वाचले, तर वर्षाला ६५० डॉलरची खरेदी झाली की वर्गणी वसूल. मोठ्या कार्डाला २ टक्के परत मिळतात. जास्तीचे ६५ डॉलर त्यातून सुटायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी, महिन्याला २७० च्या आसपास. चार माणसांच्या घराला हे जड नाही. तिथली आपली मंडळी तांदळाचं मोठं पोतं आणतात आणि दोन घरांत वाटून घेतात. कार्ड घेऊन ती फसलेली नाहीत.

पण थांबा. या हिशोबात एक चोरवाट आहे आणि बहुतेक लोक तिथेच घसरतात. बचत मोजायची कशावर? जे तुम्ही एरवीही घेतलंच असतं, त्यावरच. पाच किलोचा डबा स्वस्त पडला म्हणून आणला, त्यातला दीड किलो खवट होऊन टाकला, तर भाव साडेतीन किलोवर धरायला पाहिजे. आणि डबा डोळ्यांसमोर असला की हातही सैल सुटतो. घरात गूळ भरपूर असला की चहा गोड होतोच! (हशा)

दुसरं असं की वर्गणी भरली की माणूस ती वसूल करायला निघतो. गेलेला पैसा गेला. आज दुकानात जायचं की नाही हे आजच्या गरजेवर ठरायला हवं. पण मन म्हणतं, 'पैसे भरलेत ना, मग जाऊ.' अर्थशास्त्रात २०१७ चं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी माणसाच्या डोक्यातल्या अशा हिशोबांवरच आयुष्य काढलं. वस्तूचा उपयोग वेगळा आणि 'सौदा चांगला झाला' याचा आनंद वेगळा, असं ते सांगतात. त्या आनंदापायी आपण नको ती वस्तूही घेतो. लग्नाच्या बस्त्याला गेलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

आणि मोठं माप म्हणजे स्वस्त, हेही दरवेळी खरं नसतं. आपल्याकडे शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. अलीकडे बहुतेक पाकिटांवर ग्रॅममागे किंवा किलोमागे भाव छापलेला असतो. तो बारीक अक्षरातला आकडा वाचा, चष्मा लावून वाचा.

बरं, हे आपल्याकडे आहे का? कॉस्टकोचं दुकान भारतात नाही. २००३ मध्ये मेट्रो आली, नंतर वॉलमार्टचं 'बेस्ट प्राइस' आलं. आपल्या संभाजीनगरलाही त्यांनी दालन काढलं. पण ती कार्डं घरगुती गिऱ्हाइकासाठी नव्हती, दुकानदारांसाठी होती. परकीय कंपनीला घाऊक व्यापार मोकळा आणि किरकोळीवर बंधनं, असं आपलं धोरण. त्यामुळे कार्ड घ्यायला व्यवसायाची नोंदणी दाखवावी लागे. डीमार्टला वर्गणीच नाही. वर्गणीची खरी सवय आपल्याला लावली ती अ‍ॅमेझॉन प्राइमने, वर्षाला १,४९९ रुपये. ज्या गावात पार्सल उशिराच पोचतं, तिथे 'लवकर पोचवण्याचे' पैसे कशाला भरायचे, एवढं स्वतःला विचारा म्हणजे झालं.

आता पाटोद्याकडे येतो. या तालुक्यातली किती कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्षाची वर्गणी आणि सहा महिन्यांचं गाव! अर्धं वर्ष जो माणूस फडावर कोपीत राहणार, त्याने घाऊक माल ठेवायचा कुठे? आणि वर्गणी भरणं म्हणजे आधी पैसे देऊन नंतर फायदा घेणं. ऊसतोड्याचं जगणं नेमकं उलटं. तो उचल घेतो, म्हणजे पैसे आधी आणि घाम नंतर. आधी भरता येणं हीच मुळात ऐपत आहे. ज्याच्याजवळ वर्षाची बेगमी करायला पैसा आहे त्याला ज्वारी स्वस्त पडते. जो दहा रुपयांचं तेल घेतो त्याला तेच तेल महाग पडतं. हे अडाणीपणामुळे होत नाही, त्याला हिशोब आपल्यापेक्षा चोख येतो. त्याच्या हातात एकदम रक्कम येत नाही, इतकंच.

म्हणून गावातल्या किराणा दुकानाला घाईने नावं ठेवू नका. समजा १,००० रुपयांचा माल दुकानदाराने १,०५० ला दिला आणि दोन महिने उधारी थांबवली. सावकाराकडून तेच १,००० रुपये महिना तीन रुपये शेकड्याने घेतले असते, तर दोन महिन्यांचं व्याज ६० झालं असतं. म्हणजे महाग दुकानदार दहा रुपयांनी स्वस्त पडला. गोदामवाल्याचं कार्ड दुष्काळात उधार देत नाही. अर्थात दुकानदार वहीत काय लिहितो ते बघायला हवं, तो भाग वेगळा.

मग गरिबाने घाऊक भावाचा विचारच करायचा नाही का? करायचा, पण एकट्याने नाही. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल नावाच्या गिरणगावात विणकर आणि इतर कष्टकरी, २८ जणांनी, एकेक पौंड भाग जमवला. तोही आठवड्याला काही पेन्स असा. २१ डिसेंबरला टोड लेनमध्ये दुकान उघडलं. माल किती? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, मेणबत्त्या. भेसळ करायची नाही, उधार द्यायचं नाही, आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. भाग कितीही असोत, मत एकच. आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगारांनी अपना बाजार उभा केला, तो याच वाटेने.

१९७२ चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो लाल मिलो, ती सुकडी. त्याच काळात मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. मृणालताई गोरे त्यात पुढे होत्या. त्यानंतर थोड्याच काळात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची रीत मला फार आवडते. दुकान नाहीच. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, पैसे गोळा करायचे, माल एकगठ्ठा येतो आणि सभासदच तो आपसात वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, नोकरांचा पगार नाही. इथे वर्गणी पैशांत कमी आणि वेळेत जास्त द्यावी लागते. नोटा मोजायला, याद्या जुळवायला कुणीतरी बसावं लागतं, आणि ती बहुधा घरातली बाई असते. तिचा वेळ फुकट धरला तरच हे फार स्वस्त दिसतं, हेही सांगून ठेवतो.

'सभासद' या शब्दाकडे जरा बघा. सभेत बसतो तो सभासद. कॉस्टकोचा मेंबर कुठल्याही सभेत बसत नाही. पण त्याला ते कार्ड नापसंत ठरलं तर वर्गणी परत मिळते, एवढा तरी त्यात सरळपणा आहे. आपल्या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या तेव्हा लोकांना कळलं की ठेव ठेवताना आपल्याला 'नाममात्र सभासद' करून घेतलं होतं. नावापुरतं, मताचा अधिकार नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, तेही या ठेवींना नव्हतं. म्हणून कुठल्याही वर्गणीच्या पावतीवर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : मला मत आहे का, आणि बाहेर पडलो तर पैसे परत मिळतात का.

(श्रोत्यांतून एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं : आमच्या गटाने मिळून तेल-साखर आणावी का?)

आणा ताई. पण आधी दोन महिने प्रत्येकीच्या घरी खरोखर किती लागतं ते वहीत लिहा. अंदाजाने नको. तीन-चारच वस्तू घ्या, टिकणाऱ्या : साखर, तेल, साबण. बीडच्या आडत्याचा भाव आणि इथल्या दुकानाचा भाव यांतल्या फरकातून टेम्पोचं भाडं वजा करा. उरलं तर आणा, नाही उरलं तर आपला दुकानदार बरा. ज्या तोडीला जाणार आहेत त्यांच्याकडून वर्षाचे पैसे घेऊ नका, महिन्याचे घ्या. आणि तेलाचा डबा फोडून मापताना दोघी-तिघी समोर असू द्या. भांडणं भावावरून कमी होतात, मापावरून जास्त होतात.