इतिवृत्तात नसलेला माणूस

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची इतिवृत्ते वाचणे हा छंद म्हणून कोणाला सांगण्यासारखा नाही. पण गेली काही वर्षे ठाणे, डोंबिवली आणि पुणे इथल्या ओळखीच्या सोसायट्यांच्या जुन्या वह्या मी मागून घेऊन वाचतो आहे. शहरातला मध्यमवर्ग एकत्र राहताना नेमके काय करतो याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही. निबंधात किंवा आत्मचरित्रात माणूस स्वतःला सावरून घेतो. पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणाच्या नोंदीत ते जमत नाही.

या वह्यांतली एक गोष्ट लवकरच लक्षात येते, ती म्हणजे त्यांची क्रियापदे. ‘पंपाची दुरुस्ती करून घेण्यात यावी.’ ‘थकबाकीदारांना पत्रे पाठवण्यात यावीत.’ ‘गच्चीची गळती थांबवण्यात यावी असे सर्वानुमते ठरले.’ हे सगळे कोणी करायचे? कर्ता कुठेच नाही. मराठीतल्या या प्रयोगाला सरकारी टिप्पणीने मोठे केले आणि सोसायट्यांनी तो जसाच्या तसा उचलला. प्रत्यक्षात पंपवाल्याला फोन करणारा, थकबाकीचे पत्र टाइप करून दारात नेऊन देणारा आणि गच्चीवर उभा राहून डांबर ओतून घेणारा माणूस एकच असतो. तो सोसायटीचा मॅनेजर. वहीत त्याचा उल्लेख होतो तो बहुधा दोनदाच, पगारवाढीच्या वेळी आणि काढून टाकण्याच्या वेळी.

असे का झाले हे समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. इंग्लंडमधल्या भाडेकरू-सहभागीदारीच्या कल्पनेवरून तिचा आराखडा घेतला होता. इमारत संस्थेची, राहणारा संस्थेचा सभासदही आणि भाडेकरूही. चाळीत मालक वेगळा, भाडे गोळा करणारा त्याचा मेहता वेगळा आणि राहणारा वेगळा, अशी तीन पदरी रचना होती. सहकाराने मालक आणि राहणारा यांना एक केले. मेहत्याची जागा मात्र रिकामी राहिली. थोडी घरे, एका जातीतले, एकमेकांना नावानिशी ओळखणारे लोक असताना ती भरण्याची गरजही नव्हती. सेक्रेटरी संध्याकाळी कचेरीतून आला की हिशेब लिहायचा.

पुढे 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला तो याच गृहीतावर. कलम 72 प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा, कलम 73 प्रमाणे व्यवस्थापन समितीचे. समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे जबाबदार. नमुना एम-20 मधल्या बंधपत्रावर सही करताना हात अडखळलेले अनेक सज्जन मी पाहिले आहेत. कायद्याच्या या चित्रात पगारी मॅनेजर हा इतर नोकरांसारखा एक नोकर. त्याला परवाना लागत नाही, परीक्षा नाही, बंधपत्र नाही.

दरम्यान इमारत बदलली. चार मजल्यांच्या जागी बावीस मजले आले. लिफ्ट, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी शुद्धीकरण, पाण्याचे टँकर, पाइपचा गॅस आला. दरमहा 7,500 रुपयांच्या वर मेंटेनन्स गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल मर्यादेबाहेर असली की 18 टक्के जीएसटीचे विवरणपत्र आले. स्ट्रक्चरल ऑडिट आले. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला ते दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीला दर तीन वर्षांनी करायचे असते. दिवसभर नोकरी करून रात्री साडेनऊला बैठकीला बसणाऱ्या माणसांना हे झेपणारे नाही. म्हणून मॅनेजर आला, आणि हल्ली मॅनेजर पुरवणारी एजन्सी.

आता या नात्याची पहिली गाठ. समिती ही कायद्याने एक मंडळ असली तरी मॅनेजरच्या टेबलासमोर ती अकरा व्यक्ती म्हणून उभी राहते. चेअरमन सकाळी सांगतात, बी विंगचे पाणी आधी सोडा. खजिनदार दुपारी म्हणतात, टँकर मागवू नका. समितीत नसलेले, पण ‘आम्हीच तुमचा पगार देतो’ हे वाक्य तोंडपाठ असलेले सभासद वेगळेच. मॅनेजर मग काय करतो? ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी करतो. त्याला दोष देता येणार नाही. लेखी हुकूम एकाच व्यक्तीकडून, बहुधा सेक्रेटरीकडून, येतील हे ठरवलेले नसेल तर कोणताही शहाणा माणूस हेच करील.

दुसरी गाठ पैशाची, आणि तिच्यासाठी मुंबईच्या इतिहासात एक चांगला धडा पडलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या कापड गिरण्यांना भागधारक होते, संचालक मंडळ होते, पण गिरणी चालवत असे मॅनेजिंग एजंट. अनेक ठिकाणी त्याचे कमिशन उत्पादनावर ठरलेले, पौंडामागे पाव आणा. गिरणीला नफा होवो की तोटा, सूत निघाले की एजंटाचे पैसे सुटे. साहजिकच सूत निघत राहिले. जमशेटजी टाटांनी एजंटाचा मोबदला नफ्याशी जोडण्याचा पायंडा घातला. ती संपूर्ण पद्धतच कायद्याने बंद व्हायला 1970 साल उजाडले.

सोसायटीला नफा नसतो, पण प्रश्न तोच आहे: काम पाहणाऱ्याचा मोबदला कशावर ठरला आहे? रंगकामाच्या किंवा मोठ्या दुरुस्तीच्या बिलावर टक्केवारीने देखरेख-शुल्क घेणारी एजन्सी बिल कमी व्हावे म्हणून कशाला धडपडेल? आणि अगदी तुटपुंज्या पगारावर ठेवलेल्या मॅनेजरला ठेकेदाराने चहापाणी दिले तर समितीने आश्चर्य का दाखवावे? त्याचा ठराविक, पुरेसा पगार हा मला खर्चापेक्षा विमा वाटतो. निविदा मॅनेजरने मागवाव्यात, पाकिटे समितीने उघडावीत, काम मॅनेजरने मोजावे, चेकवर सह्या पदाधिकाऱ्यांच्याच असाव्यात. एवढे पाळणाऱ्या सोसायट्यांत संशयाचा वास कमी येतो, हे वह्यांवरूनही कळते. तिथे ‘स्पष्टीकरण मागवण्यात यावे’ हे वाक्य क्वचित सापडते.

तिसरी गाठ सगळ्यांत जड आहे. वाईट बातमी कोणी सांगायची?

अमेरिकेत फ्लोरिडातील सर्फसाइड या गावी शँप्लेन टॉवर्स साउथ ही 1981 ची, बारा मजल्यांची, 136 घरांची इमारत होती. तिथल्या कायद्याने दहाहून अधिक घरांची किंवा वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा मोठ्या अंदाजपत्रकाची वसाहत सांभाळणाऱ्या मॅनेजरला परवाना घ्यावा लागतो. म्हणजे आपल्याकडे नाही ते तिथे होते. 2018 मध्ये अभियंत्याने अहवाल दिला: पोहण्याच्या तलावाभोवतीच्या अंगणाखाली पाणी मुरते आहे, काँक्रीटची मोठी हानी झाली आहे. दुरुस्तीचा अंदाज नव्वद लाख डॉलरच्या पुढे. रहिवाशांत वाद पेटला. 2019 च्या शरदात मंडळाच्या सातपैकी पाच सदस्यांनी राजीनामे दिले. नव्या मंडळाने पुन्हा चर्चा, पुन्हा अंदाज केले, तोवर आकडा दीड कोटी डॉलरवर गेला. एप्रिल 2021 मध्ये अध्यक्षांनी सभासदांना पत्र लिहून सांगितले की नुकसान वेगाने वाढते आहे. 24 जून 2021 च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला. 98 माणसे गेली.

कोसळण्याचे तांत्रिक कारण हा अभियंत्यांचा विषय आहे आणि ते एकट्या मंडळाच्या दिरंगाईत शोधणे अन्यायाचे होईल. मला त्यातली तीन वर्षे महत्त्वाची वाटतात. अहवाल कपाटात होता. परवान्याची व्यवस्था होती. जे अवघड होते ते म्हणजे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना ‘घरटी एवढे पैसे काढा’ असे सांगणे. निवडून आलेल्या माणसाला त्याच लिफ्टमधून रोज वर-खाली जायचे असते. बदलत्या मंडळापुढे हे काम सतत नव्याने सुरू होते. त्यानंतर 2022 मध्ये फ्लोरिडाने तीन मजले किंवा अधिक उंचीच्या अशा इमारतींची साधारण तीस वर्षांनी तपासणी सक्तीची केली आणि रचनेच्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी माफ करून टाकण्याची सभासदांची मुभा काढून घेतली.

आपल्या उपविधींत सिंकिंग फंड आहे, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल. दुरुस्ती निधी पाऊण टक्का. पण खर्च धरायचा तो मूळचा. तीस वर्षांपूर्वीच्या बांधकामाची किंमत आणि आजचा सळई-सिमेंटचा भाव यांचा गुणाकार कोणत्याही खजिनदाराने करून पाहावा. तो आकडा सभेपुढे ठेवण्याची हिंमत समितीत कमी असते, आणि मॅनेजरला तो ठेवण्याचा अधिकार नसतो. त्याला फक्त प्लॅस्टर पडलेले आधी दिसते. तो तोंडी सांगतो, ‘साहेब, पोडियमखाली सळई उघडी पडलीय.’ साहेब ‘बघू’ म्हणतात. वहीत काहीच येत नाही.

पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीने यावर साधा उपाय काढलेला मी पाहिला. दर मासिक सभेचा पहिला विषय ‘मॅनेजरचा अहवाल’, लेखी, एक पान, आणि तो समितीने न बदलता इतिवृत्ताला जोडायचा. पहिल्या काही अहवालांत बागेतल्या नळाखेरीज काही नव्हते म्हणे. मग एकदा त्यात भिंतीतल्या तड्याची नोंद आली. ती आता जोडलेली होती, जबाबदारी संयुक्त होती, आणि पुढच्या महिन्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले.

नव्या समितीला दप्तर सोपवण्याबद्दल कायद्यात कलम 160 आहे. ते जुन्या अध्यक्षांना बांधते, आणि दप्तर म्हणजे कागद, शिक्के, चाव्या. कोणता व्हॉल्व्ह बंद केला की कोणत्या विंगचे पाणी थांबते हे दप्तरात नसते. समिती पाच वर्षांनी बदलते. एजन्सीचा मॅनेजर कित्येकदा वर्षभरातच, आणि तो गेला की एखादी सोसायटी आठवडाभर आपलीच पाइपलाइन खणून शोधते. ठाण्यात एका निवृत्त होणाऱ्या मॅनेजरांनी, ज्यांना सगळे काका म्हणत, शेवटच्या महिन्यात जमिनीखालच्या सगळ्या वाहिन्यांचा नकाशा हाताने काढून दिला. निळ्या शाईने पिण्याचे पाणी, लाल शाईने सांडपाणी, आणि जिथे स्वतःलाच खात्री नव्हती तिथे पेन्सिलने तुटक रेघ. समितीने तो लॅमिनेट करून पंपरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे.