अजिंक्य कोण, हे कुणी ठरवायचे?

२०२५ साली महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ यांनी महेंद्र गायकवाड यांच्याविरुद्धची अंतिम कुस्ती जिंकून गदा उचलली. मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके यांनी पृथ्वीराज पाटील यांना हरवून गदा उचलली. हे कर्जतही अहिल्यानगर जिल्ह्यातलेच. आमच्या रायगडातल्या कर्जत-खालापूरकडे पोरे कबड्डीची. केसरीचा आखाडा आमच्याकडे वर्तमानपत्रातूनच येतो. तर वर्तमानपत्रात एकाच वर्षी दोन केसरींचे फोटो आले आणि ठाकुरवाडीतल्या पोराने विचारावे असा साधा प्रश्न उरला: यांतला खरा कोण?

हा प्रश्न नवा नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना काही सेकंदांत चितपट केले आणि ते केसरी झाले. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली आणि तिथे शिवराज राक्षे केसरी झाले. म्हणजे त्या खेपेला निदान दोन्ही केसरी एकमेकांशी लढले तरी होते. २०२५ च्या दोन्ही अंतिम कुस्त्यांत मात्र चार वेगळे मल्ल होते. दोन संघटना, परिषद आणि संघ, दोघींचाही दावा अधिकृतपणाचा. त्या भांडणात इथे शिरायचे नाही. मला प्रश्न पडतो तो पद्धतीचा. अजिंक्यपद जाहीर करण्याचा अधिकार संघटनेचा की कुस्तीचा?

नेमका हाच प्रश्न अमेरिकेने विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये जवळजवळ शतकभर भिजत ठेवला. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, त्यांचा खास खेळ. वरच्या श्रेणीत शंभराहून अधिक विद्यापीठे, आणि प्रत्येक संघ हंगामात जेमतेम बारा-तेरा सामने खेळणार. शरीर मोडणारा खेळ, त्यामुळे आठवड्याला एकच सामना. साहजिकच बहुतेक संघांची आयुष्यात गाठ पडत नाही. मग अव्वल कोण? १९३६ पासून असोसिएटेड प्रेसने क्रीडापत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावायला सुरुवात केली. पुढे प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी आली. हंगामाच्या शेवटी 'बाउल' नावाचे मानाचे सामने होत, पण ते निमंत्रणाचे. कोणत्या गटाच्या विजेत्याने कुठल्या बाउलला जायचे, याचे करार आधीच झालेले. १९६४ मध्ये तर पत्रकारांनी अलाबामाला अव्वल ठरवून टाकले, आणि मग अलाबामा ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासकडून हरले. अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले, कारण मतदान आधीच आटोपले होते!

मराठी वाचकाला हे विचित्र वाटायचे कारण नाही. जत्रेतला फड आठवा. सुरुवातीला बत्ताशा-रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, आणि शेवटी एक नंबरची जोड. ती जोड कोण लावतो? यात्रा कमिटी आणि वस्ताद. दोन नामांकित पैलवान बोलावले जातात, इनाम जाहीर होते, कुस्ती झकास होते. पण त्या कुस्तीतून 'राज्यात अव्वल कोण' हे ठरत नाही, ठरवायचेही नसते. बाउल म्हणजे हाच जत्रेचा फड. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली, तिचे मोठेपण हेच की ती जत्रेच्या जोडीवर थांबली नाही. तिथे मल्ल फेऱ्या मारत वर येतो. पुढे तर मातीचा विजेता वेगळा, गादीचा वेगळा, आणि गदेसाठी दोघांची एकमेकांशी कुस्ती, अशी रीत पडली. माती आणि गादी हे दोन पंथ आहेत, त्यांच्या निष्ठा वेगळ्या. तरीही 'दोघेही केसरी' असे म्हणून हात झटकले गेले नाहीत. अमेरिकेला जे उशिरा सुचले, ते आपल्या कुस्तीत कधीच रूढ झाले होते.

तिकडे घडले ते असे. १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित. मिशिगन गेले रोझ बाउलला, नेब्रास्का ऑरेंज बाउलला. पत्रकारांचा अजिंक्य मिशिगन, प्रशिक्षकांचा नेब्रास्का. पुढच्याच वर्षी मते आणि संगणकाचे गणित एकत्र करून पहिल्या दोघांत अंतिम सामना लावायची व्यवस्था झाली. पण दोघेच का? २००३ मध्ये तिच्यामुळे पुन्हा दोन अजिंक्य झाले: अंतिम सामना जिंकणारे लुइझियाना स्टेट आणि पत्रकारांनी निवडलेले सदर्न कॅलिफोर्निया. २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिले. २०१४ पासून निवडसमितीने चार संघ निवडायचे आणि त्यांच्यात उपांत्य व अंतिम सामने, असे सुरू झाले. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, पण मुख्य खेळाडू जखमी असल्याने समितीने त्यांना पाचवे ठेवले. मैदानात न हरलेला संघ बैठकीत हरला. २०२४ पासून बारा संघ झाले. त्या हंगामात दोन सामने हरलेले, आठवे मानांकन मिळालेले ओहायो स्टेट चार सामने जिंकून अजिंक्य झाले.

यावरचा आक्षेप खरा आहे. दोनदा हरलेला संघ अजिंक्य कसा? मग हंगामभराच्या मेहनतीला अर्थ काय? बाद पद्धतीची ही बाजू आम्हा कबड्डीवाल्यांना चांगली माहीत आहे. समजा, एका रात्रीच्या स्पर्धेत चिठ्ठ्या टाकल्या आणि ठाकुरवाडीचा संघ पहिल्याच फेरीत तालुक्यातल्या सर्वांत भक्कम संघासमोर आला. रात्री नऊला पोरे टेम्पोत बसून परत. दुबळे गट मिळालेला संघ पहाटेपर्यंत टिकतो आणि चषक नाचवतो. पण यातला दोष चिठ्ठीचा आहे, बाद फेरीचा नाही. मानांकन दिले की तो बराच निघतो. आयपीएलने २०११ पासून दुसरी युक्ती केली: साखळीत पहिल्या दोघांत आलेल्या संघाला एक सामना हरूनही अंतिम फेरीची आणखी एक संधी. साखळीतली कमाई वाया जात नाही. आणि बाद फेरीत नुसते नशीब जिंकते म्हणावे, तर रणजी करंडकात मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा अजिंक्यपद मिळवले, तेही विभागीय साखळीनंतरच्या बाद फेऱ्या ओलांडून.

बाद फेरीतून 'सर्वांत चांगला' सापडतोच असे नाही. तसा दावा तिने करूही नये. तिच्यातून सापडतो तो असा विजेता, ज्याचा रस्ता सर्वांना आधी माहीत होता आणि ज्याला अडवण्याची संधी सर्वांना होती. पंचांची चूक तिथेही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून वाद इतका चिघळला की दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पण पंचाची चूक एका कुस्तीपुरती असते आणि ती चित्रफितीत तपासता येते. दोन संघटनांनी दोन गदा दिल्या, तर ती चूक तपासायची कुठे?

यात मल्लाचे नुकसान सर्वांत मोठे आहे. विजय चौधरी २०१४ ते २०१६ सलग तीन वर्षे केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक. ते 'सलग तीनदा' हे शब्द सरकारदरबारी वजन ठेवतात, कारण त्या वर्षांचा दुसरा केसरी कुणाला सांगता येत नाही. उद्या कुणी पोरगा तीनदा गदा जिंकला आणि तेवढ्याच वर्षांत दुसऱ्या कुणीही तीनदा जिंकली, तर नोकरीच्या अर्जावर काय लिहायचे? दूध, बदाम, तालमीचा खर्च भागवायला ज्या बापाने जमीन गहाण टाकली, त्याला संघटनांच्या संलग्नतेचे कागद दाखवून उपयोग नाही.

संघटना एक होतील तेव्हा होतील. तोवर दोन्ही स्पर्धा होऊ द्याव्यात, त्यांना दोन विभाग समजावे, आणि दोन्ही विजेत्यांची एक कुस्ती लावावी. माती-गादीचा तोडगा याच राज्यात निघाला होता, त्याचीच ही पुढची पायरी. पंच दोन्हीकडचे सोडून तिसरीकडचे घ्यावेत, चित्रीकरण करावे, दोन्ही स्पर्धा सुरू होण्याआधी तारीख जाहीर करावी. आणि ती कुस्ती मातीवर की गादीवर, हेही आधीच लिहून ठेवावे. नाहीतर पहिले भांडण तिथूनच सुरू होईल.