कोयता, उचल आणि छातीतली गाठ

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात बीडचे नाव तळाशी आहे, आणि या यादीत तळाशी असणे चांगले. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड यांची मिळून एक नोंदणी आहे. वयोमानाचा फरक जुळवून घेतल्यावर तिथे लाख बायकांमागे वर्षाला 49.4 जणींना कर्करोग होतो. अरुणाचलातल्या पापुम पारेत हाच आकडा 219.8. स्तनांच्या कर्करोगापुरते बोलायचे तर लवकर बाळंतपण, अधिक मुले आणि दीर्घकाळ अंगावर पाजणे यांनी धोका घटतो, हे जगभर सिद्ध झाले आहे. अर्थात जी बाई दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही, ती नोंदवहीतही येत नाही.

एवढे कमी प्रमाण असलेल्या जिल्ह्यात कॅन्सरची भीती मात्र भरपूर, आणि तीही भलत्याच जागी. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या 13 हजारांवर जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’, असे अनेकींना सांगितले गेल्याचे तेव्हा पुढे आले. ज्या भीतीपोटी धडधाकट पिशवी गेली, ती भीती छातीतल्या गाठीपाशी मात्र गप्प बसते. कारण ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते, आणि जागा अशी की जावेलाही दाखवायची लाज.

खरे तर ती शोधायला दरवेळी मोठी यंत्रे लागतात असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष आले : पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवे.

निदान झाले की बीडमध्ये पहिला प्रश्न रोगाचा नसतो, उचलीचा असतो. ऊसतोड टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर फिटते. एकीने अंथरूण धरले की कोयताच मोडतो. त्यात केमोचे वेळापत्रक असे : साधारण तीन आठवड्यांनी एक, सहा ते आठ वेळा. म्हणजे चार-सहा महिने, जवळजवळ अख्खा हंगाम. अर्ध्यात इलाज सोडणाऱ्या बाईला अडाणी ठरवण्याआधी हे गणित मांडून बघावे.

मग हात. शस्त्रक्रियेत काखेतल्या रसग्रंथी काढल्या की त्या बाजूचा लसिकाद्रव नीट वाहून जात नाही आणि काही जणींचा हात सुजतो. आधी बांगड्या रुततात, मग झंपराची बाही चढेनाशी होते. उसाच्या पाचटाने कापले, तरी तिथून जंतुसंसर्ग होऊन सूज वाढू शकते. ‘या हाताने आता काहीच उचलू नका’ हा जुना सल्ला मात्र मागे पडला आहे. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढली नाही. पण व्यायामाचे वजन वेगळे आणि डोक्यावरची मोळी वेगळी. कोयता पुन्हा कधी धरायचा, हे डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवे. बाई विचारणार नाही.

मनाचे तर कोणी विचारतच नाही. केस गेले, एक बाजू सपाट झाली, नवऱ्याने पाठ फिरवली तर? घरात ताट-तांब्या वेगळा ठेवला जातो, हा रोग लागट नसताना. रोग लेकीतही उतरेल या समजापायी तिच्या सोयरिकीची धास्ती वेगळीच. प्रत्यक्षात जन्मजात जनुकीय दोषातून होणारे स्तनांचे कर्करोग शंभरात पाच ते दहाच. इलाज संपला की घरचे म्हणतात, ‘सुटलीस बाई.’ नेमकी तेव्हाच अनेकींची झोप उडते. कुठे जरा टोचले तरी ‘परत आला का?’ त्यात काहींना पाच-दहा वर्षे घ्यावी लागणारी टॅमोक्सिफेनची गोळी अंगाची लाही करते. त्या वेळी चिडचिड झाली तर तो स्वभावाचा दोष नव्हे. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तिच्यावरही इलाज आहे.

तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातच आहे, दर पाच वर्षांनी. आशाताईंना विचारा आणि यंदा उचल घेण्याआधी ती करून घ्या. गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा कातडी आत ओढल्यासारखी दिसली, तर दुखण्याची वाट पाहू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. मनावरचे ओझे बोलायला माणूस नसेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.