दवाखान्यातील यंत्रांचे बोलणे



धुळे–सोलापूर महामार्गाने बीडहून दक्षिणेकडे निघालात, की मांजरसुंब्याच्या पुढे चौसाळा हे गाव लागते. महामार्गावरची ट्रकांची वर्दळ रात्रीही थांबत नाही. गाव मात्र झोपलेले असते. अशा एखाद्या रात्री आपण कल्पनेनेच तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका खोलीत जाऊन उभे राहू. खोलीला कुलूप आहे. आत कोणी नाही. कोपऱ्यात वरून झाकण उघडणारा एक पांढरा फ्रीज बारीक आवाज करीत चालू आहे. आरोग्य केंद्रातील मंडळी अशा फ्रीजला 'आयएलआर' म्हणतात. पंचक्रोशीतल्या तान्ह्या बाळांना द्यावयाच्या लसी त्यात ठेवतात.

लसी मोठ्या नाजूक असतात. त्यांना २ ते ८ अंश सेल्सियस एवढेच तापमान मानवते. गोवराची लस उष्णतेने निकामी होते, तर धनुर्वाताची लस गोठली की कायमची बिघडते. उष्णता लागली तर बाटलीवरच्या एका खुणेचा रंग बदलतो. पण लस गोठून पुन्हा वितळली असेल, तर ती खूण काहीच सांगत नाही. बाळाला सुई टोचली जाते, आई निश्चिंत होते, आणि संरक्षण मात्र मिळालेले नसते!

मग रात्री दोन वाजता हा फ्रीज बिघडला, तर ते कोणाला कसे कळावे?

सहा नोंदी, एक निरोप

यासाठी २०१५ पासून आपल्या देशात 'ईविन' नावाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी करण्यात आली. तिच्यात फ्रीजमध्ये एक संवेदक बसवतात. संवेदक म्हणजे तापमानातील बदल विजेच्या बदलात रूपांतरित करणारा लहानसा भाग. त्याला जोडलेली डबी दर १० मिनिटांनी तापमान नोंदवते, आणि मोबाइल फोनमध्ये असते तशाच सिमकार्डाच्या साहाय्याने दर तासाला त्या नोंदी दूरच्या संगणकाकडे पाठवते. तापमान मर्यादेबाहेर गेले, की डबी स्वतः आवाज करते आणि शीतसाखळी सांभाळणाऱ्यांच्या फोनवर संदेशही जातो.

येथे जरा थांबा. नोंद दर १० मिनिटांनी आणि निरोप तासाला एकदा, याचा अर्थ काय? तासाभरात सहा नोंदी होतात आणि निरोप जाईपर्यंत त्या डबीतच राहतात. म्हणजे या चिमुकल्या डबीत स्मृती आहे, घड्याळ आहे, काय केव्हा करायचे ते ठरवणारी आज्ञावली आहे. थोडक्यात, ती डबी हा एक संगणकच आहे, आणि सिमकार्डामुळे तो संगणकांच्या एका मोठ्या जाळ्याचा घटक झाला आहे.

रुग्णालयातील आजची बहुतेक यंत्रे अशीच असतात. ती नीट समजून घ्यायची, तर दोन गोष्टी शिकाव्या लागतात: यंत्राच्या आत चालते काय, आणि यंत्रे एकमेकांशी बोलतात कशी. आधी आत डोकावू.

एक शिपाई, अनेक कामे

जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात खाटेशेजारी हिरव्या-पिवळ्या रेघा दाखवणारा मॉनिटर तुम्ही पाहिला असेल. त्याला एकाच वेळी किती कामे असतात! हृदयाच्या विद्युत्‌स्पंदनांची मापे घ्यायची, रक्तातील प्राणवायू मोजायचा, पडद्यावर रेघ काढायची, परिचारिकेने दाबलेल्या बटणाकडे लक्ष द्यायचे, आणि धोका दिसला तर ओरडायचे. स्पंदनांची मापे सेकंदाला ५०० घ्यायची असतील, तर दोन मापांमध्ये अवघा एक पाचशेवा भाग सेकंद मिळतो. तेवढ्यातच उरलेली कामे उरकायची.

तुमच्या शाळेत एकच शिपाई आहे, असे समजा. त्याला घंटा द्यायची आहे, वर्गावर्गांत सूचनेची वही फिरवायची आहे, पिण्याचे पाणी भरायचे आहे. पाणी भरताना बारा वाजले, तर तो कळशी खाली ठेवून आधी घंटा देतो आणि मग परत कळशी उचलतो. पाणी दहा मिनिटे उशिरा भरले तरी चालते. घंटा उशिरा झाली तर चालत नाही. यंत्रातील प्रक्रियक हा असा एकटा शिपाई असतो. कोणते काम आधी, कोणते थांबवायचे, थांबवलेले काम पुन्हा कोठून सुरू करायचे, हे ठरवणाऱ्या मूलभूत आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात.

घरच्या संगणकालाही कार्यप्रणाली असते. पण तो कधी कधी क्षणभर अडकतो आणि आपण कंटाळून वाट पाहतो. कृत्रिम श्वास देणाऱ्या यंत्राने असे अडकून कसे चालेल? म्हणून अशा यंत्रांसाठी क्यूएनएक्स किंवा व्हीएक्सवर्क्स यांसारख्या वेगळ्या कार्यप्रणाली वापरतात. त्यांचा मोठा गुण म्हणजे वेग नव्हे, तर वक्तशीरपणा. ठरलेले काम ठरलेल्या वेळेच्या आत होईल, याची त्या हमी देतात.

तरीही आज्ञावली अडकलीच तर? त्यासाठी यंत्रात एक पहारेकरी घड्याळ बसवतात. आज्ञावलीने ठराविक वेळाने त्याला 'मी जागी आहे' असे कळवायचे. कळवले नाही, की पहारेकरी यंत्राला सुरक्षित स्थितीत नेतो किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

२५५ नंतर शून्य

आज्ञावलीतील लहानशी चूक किती महाग पडते, याचे एक दुःखद उदाहरण प्रसिद्ध आहे. कॅनडात तयार झालेले 'थेरॅक–२५' हे यंत्र कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देत असे. आधीच्या 'थेरॅक–२०' या यंत्रात चुकीच्या मांडणीत किरण सुरूच होऊ नयेत, म्हणून स्वतंत्र अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून टाकले आणि सारी भिस्त संगणकाच्या आज्ञावलीवर ठेवली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रचंड मात्रा मिळाली. त्यांतील काही जण त्यामुळे दगावले.

शेवटच्या अपघाताचे कारण तुम्हालाही समजण्यासारखे आहे. यंत्राची मांडणी तपासायची की नाही, हे आज्ञावलीतील एका आकड्यावरून ठरे. आकडा शून्य नसेल तर तपासायचे; शून्य असेल तर तपासायची गरज नाही. हा आकडा 'शून्य नाही' असा राहावा, म्हणून आज्ञावली दर फेरीला त्यात १ मिळवत असे. पण आकड्यासाठी जागा होती आठ द्विमान अंकांची, म्हणजे एका बाइटची. आठ अंकांत मोठ्यात मोठी संख्या २५५ मावते. त्यात १ मिळवला की काय होते? मोटारीच्या किलोमीटरमापकावर सगळे ९ झाल्यावर पुन्हा सगळी शून्ये येतात, तसेच! म्हणजे दर २५६ व्या फेरीला आकडा शून्य होई आणि तपासणी गाळली जाई. नेमक्या त्याच क्षणी यंत्र चालवणाऱ्याने बटण दाबले.

या चौकशीतून एक मोठा धडा मिळाला. ज्या चुकीने जीव जाऊ शकतो, तिच्या आड केवळ आज्ञावली ठेवू नये. तिच्यावर अवलंबून नसलेला दुसरा अडसरही हवाच.

निरोपाचे वजन

आता दुसरी गोष्ट पाहू: यंत्रे एकमेकांशी बोलतात कशी? संगणकांच्या जाळ्यात लांबलचक निरोप एकदम जात नाही. त्याची लहान लहान पुडकी करतात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता आणि क्रमांक असतो. पुडकी वेगवेगळ्या वाटांनी गेली तरी पोहोचल्यावर क्रमांकाने जुळवता येतात. मधले एखादे हरवले, तर ते पुन्हा मागवता येते.

शिवाय भाषा एक हवी. एका कंपनीच्या क्ष-किरण यंत्राने घेतलेले चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडले पाहिजे. म्हणून वैद्यकीय चित्रांसाठी १९९३ पासून 'डायकॉम' या नावाचे नियम रूढ झाले. रुग्णाच्या नोंदी आणि तपासण्यांच्या अहवालांसाठी 'एचएल-७' हे नियम आहेत.

कोणता निरोप किती जड, याचा हिशेब करून पाहू. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, बारा बाजूंनी १० सेकंद घेतला. दर सेकंदाला ५०० मापे आणि प्रत्येक मापाला २ बाइट. एकूण १२ × १० × ५०० × २ = १,२०,००० बाइट. आता सेकंदाला ५,००० बाइट नेणारी एक संथ मोबाइल जोडणी घ्या. आलेख २४ सेकंदांत पोहोचेल. पण छातीचे क्ष-किरण चित्र २,००० × २,५०० बिंदूंचे आणि दर बिंदूला २ बाइट असे धरले, तर ते १ कोटी बाइटचे होईल. त्याला त्याच जोडणीवर २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल!

यावरून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या 'टेली-ईसीजी' यंत्राचे महत्त्व ध्यानात येईल. हातात मावणारे हे यंत्र रुग्णाच्या हृदयाचे बारा आलेख घेते आणि मोबाइल फोनवरून ते दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येतात. हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटामिनिटाला मोल असते. रुग्णाला शहराकडे न्यायला वेळ लागेल. त्याचा आलेख मात्र अर्ध्या मिनिटात पुढे जाऊ शकतो.

जाळ्यातून शिरलेला किडा

पण ज्या वाटेने निरोप येतो, त्याच वाटेने चोरही येऊ शकतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची एक दुष्ट आज्ञावली जगभर पसरली. विंडोज या कार्यप्रणालीतील एका त्रुटीतून ती एका संगणकातून शेजारच्या संगणकात आपोआप शिरे, आतील माहिती गुप्तलिपीत बदलून टाकी आणि सोडवणुकीसाठी खंडणी मागे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ संस्थांपैकी किमान ८० संस्थांना तिचा फटका बसला आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. काही ठिकाणी रोगनिदानाची यंत्रेही बंद पडली.

नवल असे, की त्या त्रुटीवरचे ठिगळ १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झाले होते. मग ते सगळीकडे का लावले नाही? हलगर्जीपणा हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण यंत्रांच्या आयुष्यात आहे. एमआरआयसारखे कोट्यवधी रुपयांचे यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते. त्याच्या संगणकातील कार्यप्रणाली त्याआधीच म्हातारी होते आणि तिची डागडुजी बंद होते. विंडोज एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी झाली, तशी. बरे, नवी कार्यप्रणाली घालावी, तर यंत्राचे काम तिच्यावर बिनचूक चालते का, हे आधी तपासावे लागते. दुरुस्ती करावी तरी धोका, न करावी तरी धोका!

आपल्या देशातही हा अनुभव आला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयाच्या पाच मुख्य संगणकांवर असाच हल्ला झाला. कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी कागदावर हाताने कराव्या लागल्या. कागद-पेनाने काम करण्याची तयारी ठेवणे मागासलेपणाचे नव्हे, हे त्या दिवसांत सर्वांना पटले.

यावर उपाय आहेत. जुन्या वाड्यात चौकामागे चौक असत आणि प्रत्येकाला वेगळा दरवाजा असे. तसेच रुग्णालयाचे जाळे विभागतात. बिले करणारे संगणक एका चौकात, रुग्णाला जोडलेली यंत्रे दुसऱ्या चौकात. मधल्या दरवाजातून फक्त ओळखीचाच निरोप आत सोडायचा. माहितीची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे वेगळी ठेवायची.

निरोप आणि श्वास

आता चौसाळ्याच्या त्या खोलीत परत येऊ. आयएलआर म्हणजे बर्फाचे अस्तर असलेला फ्रीज. दिवसातून आठ तास वीज मिळाली, तरी त्या बर्फाच्या जोरावर तो लसी थंड राखू शकतो. म्हणजे थंड ठेवण्याचे मुख्य काम जाळ्यावर मुळीच अवलंबून नाही. मोबाइलचा मनोरा रात्रभर बंद राहिला, तरी लसीला काही होत नाही. फक्त निरोप अडतो, आणि धोका असेल तर डबी जागेवरच ओरडते.

दवाखान्यातील सगळ्या यंत्रांना हीच कसोटी लावावी. जाळ्यातून निरोप जावा. श्वास जाऊ नये. कृत्रिम श्वासाच्या यंत्राने आपले आकडे दूरच्या डॉक्टरांना जरूर कळवावेत, पण तार तुटली म्हणून श्वास थांबता कामा नये.

ही कसोटी लावणारी माणसे मात्र हवीत. तंत्रनिकेतनांत मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे, अभियांत्रिकीत बायोमेडिकल शाखा आहे. त्याआधी तुमच्या पुस्तकांतील वीज, द्विमान संख्या आणि मानवी शरीर हे तीन धडे पक्के करा. फोनवर धोक्याचा संदेश आल्यावर रात्री उठून त्या खोलीचे कुलूप उघडणारा माणूस जितका महत्त्वाचा, तितकाच ती डबी का गप्प बसली, हे शोधून काढणाराही.

करून पहा

वर्गात सात जण एका रांगेत उभे राहा. पहिल्याने सहा चिठ्ठ्यांवर १ ते ६ क्रमांक घालून प्रत्येकीवर एकेक तापमान लिहावे आणि त्या एकामागून एक पुढे पाठवाव्यात. मधल्या एकाने गुपचूप एक चिठ्ठी खिशात घालावी. कोणती चिठ्ठी हरवली, हे शेवटच्याला कशावरून कळते? ती परत मागवण्यासाठी उलट दिशेने काय पाठवावे लागते? आता क्रमांक न घालता हाच खेळ पुन्हा खेळा, आणि हरवलेले तापमान १४ अंश होते, असे समजून त्या लसींचे काय होईल, याचा विचार करा.