टाकीच्या पोटातलं पाणी

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली वाकून पाहा. टाकीच्या तळाशी छोटा कॉक असतो. संध्याकाळी तो उघडला की फुस्सकन तांबूस, गंजकट पाणी बाहेर पडतं. दाबलेली हवा टाकीत निवते, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते पत्रा आतून खातं. म्हणून कॉक रोज उघडावा.

गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ नको. टाकीची ताकद तपासतात तीही पाणी भरून, हवेने नव्हे. गेजवर 8 बार दिसतात तेव्हा हवा आकसून साधारण नवव्या हिश्श्यावर आलेली असते; पत्रा फाटला तर ती स्फोटासारखी उसळते. पाणी जेमतेम आकसतं, त्यामुळे चीर पडली तरी बहुधा चिळकांडीवर भागतं.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय? बूच मारू नका, नवा बसवा.